गार खुर्ची

पाहुण्यांनी पहिल्यांदा माझा आवाज काढला, तेव्हा मी जिन्यात होते. लिफ्ट बंद होती. माझा नवरा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो, तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असणं ओघानंच आलं. चौथ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबले आणि आमच्या दाराआडून ऐकू आलं, "आले गं, आले माझी राणी. कुठ्ठे गेले नव्हते मी."

आवाज माझा होता. वाक्याच्या शेवटी माझा जरा चिरकतो, तसा चिरकलेला. मी कठडा धरून उभी राहिले. घटकाभर वाटलं, मी केव्हाच घरी पोचलेय, आणि जिन्यात ही जी कोण उभी आहे ती दुसरीच आहे.

किल्लीनं दार उघडलं. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत पाहुणे बसले होते. गोटी, माझी नऊ महिन्यांची लेक, त्यांच्या खांद्यावर मान टाकून होती. मी पर्स तिथंच टाकली आणि हात पुढे केले. गोटीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग तिनं तोंड त्यांच्या मानेत खुपसलं, अनोळखी माणूस दिसलं की मुलं खुपसतात तसं.

कामावर परत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता.

पाहुणे आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते. ते नेमके कुठून आले हे टीव्हीवर नकाशे काढून इतक्यांदा सांगितलं, की आता कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. वरून, लांबून, एवढं खरं. ते आले, त्यांनी कोणाला मारलं नाही, काही मागितलं नाही, त्यामुळे त्यांचं करायचं काय हे सरकारला कळेना. मग एक खातं निघालं, पाहुणे खातं, आणि खात्यानं नियम काढला: ज्या घरात एक खोली रिकामी, त्या घरात एक पाहुणा.

आमच्या घरात एक खोली रिकामी होती. नियम निघाला तेव्हा सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते.

आमचे पाहुणे उंच, जरा वाकलेले, ओल्या कुंडीच्या रंगाचे. खात्यानं दिलेला शर्ट कोपरापर्यंतच पोचायचा. पहिले आठ दिवस ते खात्यानं शिकवलेलंच बोलायचे. "नमस्कार. मी आपल्या घरी राहण्यास आलो आहे. कृपया घाबरू नये." दिवसातून पंधरा वेळा. इमारतीतले लोक पहिल्या आठवड्यात घाबरले, दुसऱ्या आठवड्यात त्यांना ओझी उचलायला सांगू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्यांना इमारतीच्या ग्रुपवर घातलं. तिथं रोज सकाळी येणाऱ्या प्रत्येक सुविचाराला ते मनापासून उत्तर द्यायचे. महिन्याभरात लोकांनी सुविचार पाठवणं बंद केलं. एवढं भलं त्या ग्रुपचं आजवर कोणी केलं नव्हतं.

त्यांना एकच गोष्ट सोसायची नाही. ऊन-ऊन काही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ते यायचे नाहीत. गॅस पेटला की दोन पावलं मागं. चहाचा कप हातात दिला तर बोटं पांढरी पडायची.

सासूबाईंच्या खोलीत आम्ही काही हलवलं नव्हतं. नवऱ्यानं पाहुण्यांना खोली दाखवली तेव्हा म्हणाला, "एवढं सगळं असंच राहू द्या हं." चष्मा, औषधांची डबी, गुडघे शेकायची रबरी पिशवी, पलंगाच्या कडेला त्यांची बसायची जागा. ती जागा गादीत अजून खोलगट होती. पाहुणे खोलीभर हात फिरवत गेले आणि त्या खोलगटपणावर थांबले. तळवा टेकवून बराच वेळ उभे. मग तिथंच बसले.

नवव्या दिवशी सकाळी मी गोटीचे लंगोट वाळत घालत होते आणि खोलीतून हाक आली, "अगं, दूध."

मी धावले. दूध काठाशी आलं होतं. गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि मग हाक कोणाची ते ध्यानात आलं. ती हाक मी पाच वर्षं ऐकली होती. तीच घाई, तोच "अगं"वरचा जोर, आणि त्यामागचं न बोललेलं 'तुझं लक्ष असतं कुठं'. नवरा अर्ध्या गालावर फेस घेऊन न्हाणीघरातून बाहेर आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आतून परत आलं, "जेवलास का रे?"

सकाळचे सात वाजले होते. पण सासूबाई असंच विचारायच्या, वेळकाळ न बघता.

नवरा दारातच खाली बसला. "हो," म्हणाला. "जेवलो, आई."

तेव्हापासून कामावरून आला की तो आधी त्या खोलीत जायचा. दहा मिनिटं. काय बोलायचा ते मी कधी ऐकलं नाही, दार ओढून घ्यायचा. बाहेर आला की चेहरा धुतल्यासारखा असायचा. मी काय बोलणार? खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून म्हणाल्या, "नशीब काढलंस हो. सासू गेलीही आणि राहिलीही. वर तिला खायला-प्यायला लागत नाही."

आणि खरं सांगायचं तर माझंही साधत होतं. सासूबाईंच्या आवाजात पाहुणे गोटीला थोपटायचे, ती झोपायची. भरवायचे, ती खायची. माझी रजा संपत आली होती. आम्ही ठरवलं, गोटीला बाहेर कुठं ठेवायला नको. आजी आहे की घरात.

हे मी ठरवलं. मीच.

म्हणून त्या संध्याकाळी मी पाहुण्यांवर आवाज चढवला नाही. गोटीला ओढून घेतलं, ती रडली, मी तिला तशीच घेऊन बसले. खुर्ची त्यांच्या अंगानं गार झाली होती.

"माझा आवाज का काढलात?" मी विचारलं.

मी खुर्चीत बसल्यावर त्यांच्या तोंडून तो आवाज निघून गेला होता. ते परत खात्याच्या बोलीत आले. "खुर्ची गार पडली होती," ते म्हणाले. "आमच्याकडे गार पडलेली जागा तशी ठेवत नाहीत. कोणीतरी बसायचं असतं. पाहुणा असेल तर पाहुण्यानं."

"पण मी येणारच होते."

"कधी?"

"साडेपाचला. रोज येते."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "ते खुर्चीला कसं कळणार?"

नवऱ्याला रात्रीच्या जेवणाला सांगितलं. म्हटलं, खात्याला कळवू, बदलून देतील. तो ताटातल्या घासाशी खेळत राहिला.

"आणि आई?" म्हणाला.

"त्या तुझ्या आई नाहीत."

"माहितीये मला." मग हळूच, "तुला काय वाटतं, मला माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कामावरून घरी फोन लावला. नुसतं गोटीनं खाल्लं का विचारायला. फोन उचलला गेला आणि माझाच आवाज म्हणाला, "हॅलो, कोण?"

मी फोन कानाशी दाबला. मागं गोटी खिदळत होती.

"कोण बोलतंय?" मी मला विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मी कोण?"

मी फोन ठेवला. हातातली कवळी मेणासकट खाली पडली.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, मेणात दात बसवतो. टेबलावर सदानकदा पन्नास-साठ माणसांची तोंडं वासलेली असतात. आमचे काका, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते, चाळीस वर्षं यातच आहेत. त्यांचे स्वतःचे सगळे दात शाबूत, आणि याचा त्यांना भारी तोरा. त्यांनी कवळी उचलून माझ्यापुढे ठेवली.

"काय झालं? भूत बघितल्यासारखी बसलीस."

"ऐकलं," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

काका हसले नाहीत. समोरचा एक जबडा उचलून त्यांनी मला दाखवला. खालची एक दाढ नव्हती, आणि शेजारचा दात त्या फटीत पार कलंडला होता. "हे बघ. दात पडला की शेजारचा झुकतोच. लबाड असतो म्हणून नाही. त्याला टेकायला काही उरलेलं नसतं."

"मग करायचं काय?"

"तुला शिकवलंय की. लहान पोराचा दुधाचा दात वेळेआधी पडला, आणि खालचा यायला अजून अवकाश आहे, तर काय बसवतो आपण?"

"तारेचं कडं."

"त्यानं चावता येतं?"

"नाही."

"हसताना शोभतं?"

"अजिबात नाही."

"मग कशाला बसवायचं ते?"

ते कडं नुसती जागा राखतं. येणारा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची शेकायची पिशवी मी उकळत्या पाण्यानं भरली, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि खुर्चीत ठेवली. त्या स्वेटरला अजून दुधाचा आंबूस वास होता. गोटीला पाहुण्यांकडे दिलं आणि म्हटलं, "ही जागा भरलेली आहे. हात लावून बघा." त्यांनी लांबूनच बोट पुढे केलं, उष्मा लागला तसं झटकन मागं घेतलं. "भरलेली आहे," म्हणाले.

बारा वाजता फोन केला. सासूबाईंच्या आवाजात उत्तर आलं, "अगं, खाल्लं तिनं. तू काम कर." दोन वाजता तेच. मी सुस्कारा सोडला. साडेतीनला केला तर पलीकडून मी बोलले.

पिशवी तीनपर्यंत टिकत होती. पुढचे अडीच तास ती जागा परत त्यांची. मी दोन स्वेटर गुंडाळले, तर पावणेचार. वर उशी दाबली, तर चार. रोज संध्याकाळी जिने चढताना मी स्वतःला गाताना ऐकायचे. चांगली गायची ती. दमलेली नसायची, कावलेली नसायची. दार उघडून आत जायची ती नुसती मी असायचे, घामेजलेली, नखांत प्लास्टर अडकलेली. गोटी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघायची आणि दर दिवशी जरा जास्त वेळ घ्यायची.

एका संध्याकाळी तिनं ठरवलंच नाही. मधे जमिनीवर बसली आणि रडली.

त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं. गुरुवारी चार वाजता तपासनीस येणार, घरच्यांनी हजर राहावं. सोबत बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. एकतिसावा प्रश्न होता: 'पाहुण्याने घरातील कोणाची जागा घेतली आहे काय? होय / नाही.' खाली बारीक अक्षरात: 'होय असल्यास पाहुण्यास दुसऱ्या दिवशी परत नेण्यात येईल.'

नवऱ्यानं फॉर्म वाचला, घडी घातली, फ्रिजवर ठेवला. तीन दिवस आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोललो. बुधवारी सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "तू लिहिशील ते. मी मधे पडणार नाही." मान वर केली नाही त्यानं.

मी ठरवलं होतं. होय लिहायचं.

गुरुवारी काकांनी मला लवकर सोडलं, पण रस्त्यात खोळंबा झाला आणि मी इमारतीशी पोचले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. पिशवी गार पडायची वेळ टळली होती. मी जिने चढू लागले. दुसरा मजला. तिसरा. वळणावर थांबून कान दिला.

गोटी रडत होती. तिच्या रडण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. माझा आवाज नाही, सासूबाईंचा नाही. रडण्याच्या खालून मात्र एक घुमार येत होता, पातेल्यातलं पाणी तापायला लागल्यावर येतो तसा.

दार उघडं होतं. तपासनीस बाई मांडीवर फॉर्म घेऊन बसल्या होत्या, नवरा कामाच्या कपड्यांत भिंतीला टेकून उभा. पाहुणे माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले होते, गोटी त्यांच्या मांडीत. घुमार त्यांच्यातूनच येत होता. तो कोणाचाच आवाज नव्हता. त्यांचा असावा.

"आलात एकदाच्या," बाई म्हणाल्या. "बाकी झालंय माझं. तुमचा पाहुणा हुशार आहे हो. विचारलं, रांगेत मधेच कोणी घुसलं तर काय कराल? म्हणतो, 'घसा खाकरेन, मग शेजारच्याला सांगेन, घुसणाऱ्याला नाही.' विचारलं, कोणी फोनवर 'निघालोच' म्हणालं तर? म्हणतो, 'त्याची आंघोळ व्हायची आहे.' विचारलं, दुसऱ्याचं मूल रडलं तर? 'त्याच्या आईला सल्ला देईन.' शंभरात शंभर दिले मी. आता हे मूल रडतंय, तर हा नुसता घुमत बसलाय तेवढं सोडून."

मी ऐकत नव्हते. खुर्चीतल्या स्वेटरखाली हात घातला होता. पिशवी चटका बसेल इतकी गरम होती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत फरशीवर पाण्याचे थेंब होते. ओट्यावर पातेलं, अर्धं सांडलेलं. मी पाहुण्यांचे हात बघितले. तळव्यांपासून कोपरापर्यंत ते पांढरे पडले होते, चुन्यासारखे, आणि बोटं मिटत नव्हती. अशा हातांवर त्यांनी गोटीला तोलून धरलं होतं.

"चार वाजता गार झाली," ते खात्याच्या बोलीत म्हणाले. "आपण येणार होता. खुर्चीला सांगून ठेवलं."

"किती वेळा भरलीत?"

"आज दोनदा, पहिल्यांदा सांडलं. काल एकदा. कालही सांडलं."

काल मी घरी आले तेव्हा जिन्यात गाणं नव्हतं. मला वाटलं, गोटी झोपली असेल. फॉर्मच्या नादात मी त्यांचे हातसुद्धा बघितले नव्हते.

मी खुर्चीतली पिशवी उचलून छातीशी धरली आणि बसले. गोटीनं रडं थांबवलं. तिनं खोलीभर कोणालातरी शोधलं, जो आवाज आज कुठंच नव्हता त्याला. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. बोलायची भीती वाटली, माझाच आवाज उसना वाटेल अशी. ती पाहुण्यांच्या मांडीतून उतरली, रांगत आली, माझ्या सलवारीला धरून उभी राहिली. मग दोन्ही हात वर केले.

मी तिला घेतलं. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथून बाईंकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघतात तसं.

"एकतीस," बाई म्हणाल्या. "जागा घेतली आहे का कोणाची?"

नवरा फरशीवरच्या थेंबांकडे बघत होता.

"राखली आहे," मी म्हणाले.

"तसा रकाना नाही. होय की नाही?"

"नाही."

बाईंनी खूण केली, पेनाला टोपण लावलं, आणि जाता जाता गोटीला टोपडं घालत जा असा सल्ला देऊन गेल्या.

पाहुण्यांचे हात आम्ही गार पाण्यात बुडवून ठेवले. नवरा त्यांच्या शेजारी बादलीपाशी बसून राहिला. बोटं मिटायला लागली तसा तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. अर्ध्या तासानं दुसरी शेकायची पिशवी घेऊन आला. स्वतः पाणी तापवलं, स्वतः भरली, आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला, त्या खोलगट जागेत ठेवली. आत फार वेळ थांबला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "हीपण राहू दे भरलेली."

त्या दिवसापासून घर शांत आहे. मी कामावर जाताना दोन पिशव्या भरते. दुपारी खालच्या काकू येऊन परत भरतात, तोंडानं कुरकुरतात पण येतात. पाहुण्यांना आता गॅसजवळ जायची गरज नाही. ते गोटीला घेऊन जमिनीवर बसतात आणि घुमतात. गोटीही घुमायला शिकली आहे. कधी कधी रात्री ती झोपेत घुमते, आणि आम्ही दोघं छताकडे बघत पडतो.

रविवारी पिशव्या नवरा भरतो. तो एकच भरतो, खुर्चीतली. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. जेवणं झाली, दुपार कलली की तो पाहुण्यांसोबत सासूबाईंच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतो, आणि मी गोटीला घेऊन माझ्या खुर्चीत बसते.

मग आतून हाक येते. "अगं, दूध."

दूध फ्रिजमध्ये असतं. मला ठाऊक असतं. तरी मी उठते, आणि गॅस बघून येते.